कुस्तीच्या आधीची तहान



बोईसरच्या एका आजोबांचे पत्र मागील पंधरवड्यात हाती आले. वय 76. मूळ गाव सांगलीकडचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून ते तरुणपणी इकडे आले आणि इथलेच झाले. गावाकडे असताना जत्रेच्या फडात त्यांनी रेवडीच्या कुस्तीपासून सुरुवात केली होती, पुढे इनामाच्या कुस्त्याही मारल्या. मुलाने या वाटेला पाऊल टाकले नाही. नातू मात्र महाविद्यालयाच्या संघात आहे. येत्या काही दिवसांत त्याच्या संघाची पालघरच्या एका महाविद्यालयाशी संघ-कुस्ती होणार आहे. ही दोन्ही महाविद्यालये शेजारची, म्हणून चुरस जुनी. आजोबा विचारतात, ‘हृदयाचा त्रास आहे, रक्तदाबाची आणि पाण्याची गोळी चालू आहे. पालघरला जाऊन कुस्ती पाहिली तर चालेल का? आणि मॅटवरच्या कुस्तीत नेमके काय पाहायचे असते?’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंची उत्तरे पुढे येतील. परंतु पत्राच्या अखेरीस, सही करण्यापूर्वी, त्यांनी सहज एक ओळ लिहिली आहे: ‘नातू वजन उतरवतो आहे. पाणी घोटाघोटाने पितो, उकाड्यात दोन जर्किने घालून पळतो, आजीच्या जिवाला घोर लागला आहे.’ त्या ओळीवर मी थबकले. आजोबांच्या दोन प्रश्नांपेक्षा आजींचा घोर अधिक निकडीचा आहे. म्हणून आजची सुरुवात तिथून.

वजन उतरवण्याची ही घाई कोठून येते, ते समजण्यासाठी संघ-कुस्तीची रचना ध्यानात घ्यावी लागते. जत्रेत वस्ताद दोन पोरांकडे पाहून नजरेनेच जोड लावत असत. वजनकाट्याचा संबंध नव्हता. मॅटवरच्या कुस्तीत सारा खेळ वजनगटांचा आहे. पुरुषांच्या फ्रीस्टाइल प्रकारात 57, 61, 65, 70, 74, 79, 86, 92, 97 आणि 125 किलो असे गट आहेत. दोन संघ समोरासमोर येतात, तेव्हा प्रत्येक गटात प्रत्येक संघाचा एकच मल्ल उतरतो आणि सर्व लढतींचे गुण मिळून संघाचा निकाल लागतो. अमेरिकेतील महाविद्यालयांत अशा लढतीला ‘ड्युअल मीट’ म्हणतात. तिथेही दहाच वजनगट असतात.

यातली मेख ‘एकच’ या शब्दात आहे. एखाद्या गटात आपल्याकडे मल्ल नसेल, तर तो गट न लढताच प्रतिपक्षाला जातो. समजा, 61 किलोच्या जागेवर संघातला एक तगडा मुलगा पक्का बसला आहे आणि 57 किलोची जागा रिकामी आहे. मग ज्याचे रोजचे वजन साडेसाठ आहे, त्या दुसऱ्या मुलाला कोणीतरी म्हणतो, ‘साडेतीन किलोंचाच तर प्रश्न आहे, उतरव.’ संघासाठी म्हणून तो हो म्हणतो. कोणी त्याच्यावर बळजबरी केलेली नसते. उलट, आपल्यामुळे संघाची जागा रिकामी राहिली, हे त्याला सोसवत नाही. या वयातील निष्ठा फार सुंदर असते आणि फार धोक्याचीही.

चार दिवसांत साडेतीन किलो चरबी कोणाचीच जात नाही. जाते ते पाणी. एक लिटर घाम म्हणजे ढोबळमानाने एक किलो वजन, एवढा हा सोपा हिशेब आहे. म्हणून मुले पाणी तोडतात, मीठ तोडतात, जर्किनावर जर्किन चढवून धावतात, थुंकी थुंकत बसतात. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी कमी झाले, तरी दम आणि चपळता घटू लागते. साठ किलोंच्या मुलाच्या बाबतीत ते सव्वा किलोसुद्धा भरत नाही. साडेतीन किलो म्हणजे जवळपास सहा टक्के. रक्त दाटते, हृदयाचे ठोके वाढतात, मूत्रपिंडांवर ताण येतो. त्यातून आपली किनारपट्टी! पालघर, बोईसर, तारापूरची हवा इतकी दमट, की पावसाळा सरल्यावरच्या उकाड्यात घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळताना अंग गार होत असते. तो नुसताच निथळत राहिला, तर पाणी जाते आणि ताप मात्र शरीरातच साठतो. प्लास्टिकच्या किंवा जाड कपड्यांच्या आत तर हे दुप्पट वेगाने घडते.

याचा शेवट कोठवर जाऊ शकतो, याचे उदाहरण मी भीती घालण्यासाठी देत नाही, परंतु ते टाळणेही योग्य नव्हे. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेमतेम महिनाभराच्या अंतरात, अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या तीन राज्यांतील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवता उतरवता मरण पावले. तिघेही विशीच्या आसपासचे. तिघेही घाम बाहेर जाऊ न देणारे कपडे घालून, उष्ण जागेत व्यायाम करीत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने रबरी पोशाख, वाफेच्या खोल्या आणि लघवी वाढवणारी औषधे यांवर बंदी आणली, वजन घेण्याची वेळ लढतीच्या अगदी जवळ आणली आणि हंगामाच्या आरंभी लघवीची तपासणी करून, शरीरात पुरेसे पाणी आहे ना हे पाहूनच मुलाचा किमान वजनगट ठरवण्याचा नियम केला. आठवड्याला शरीरवजनाच्या दीड टक्क्यापेक्षा अधिक वजन कमी करायचे नाही, अशीही मर्यादा घातली. साठ किलोंच्या मुलासाठी ती 900 ग्रॅम होते. घरी विचार करताना हाच आकडा मनाशी धरावा.

मुले मात्र दुसरी उदाहरणे देतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट 50 किलो गटाच्या अंतिम फेरीच्या सकाळी 100 ग्रॅम अधिक भरली आणि अपात्र ठरली. रात्रभर केलेले सर्व कष्ट वाया गेले. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने दहा तासांत 4.6 किलो वजन उतरवले आणि 57 किलो गटाचे कांस्यपदक जिंकले. नातू म्हणेल, ‘बघा आजोबा, अमनने केलेच ना!’ त्याला एवढेच विचारावे, की त्या रात्री अमनच्या भोवती प्रशिक्षक आणि वैद्यकीय माणसे जागत बसली होती. तुझ्याभोवती कोण आहे? तू तर खोलीचे दार लावून दोरीवरच्या उड्या मारतोस.

आता एक नाजूक गोष्ट. ती विशेषतः आपल्या वाचकांच्या घरांत घडू शकते, म्हणून स्पष्ट लिहिते. आजोबांच्या औषधांच्या डब्यात ‘पाण्याची गोळी’ असते. फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी तिची नावे. हृदय दुबळे झाले, पायांवर सूज येऊ लागली किंवा रक्तदाब वाढला, की डॉक्टर ती देतात. तिने लघवी वाढते. आजोबांच्या शरीरात जे पाणी नको तिथे साचते, ते निघून जावे हा तिचा हेतू. तालमीतला एखादा शहाणा मुलगा दुसऱ्याला सांगतो, की ही गोळी घेतली तर एका रात्रीत दीड-दोन किलो जाते. आणि गोळी तर घरातच आहे. दुकानात जायची, कोणाला विचारायची गरज नाही.

तरण्या मुलाच्या शरीरात जास्तीचे पाणी साचलेले नसते. गोळी त्याचे हवे असलेले पाणी आणि त्यासोबत पोटॅशियम बाहेर काढते. पोटॅशियम घसरले, की पायांत गोळे येतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. अशा अवस्थेत त्याने मॅटवर सहा मिनिटे जीव तोडून झुंजायचे! शिवाय ही औषधे खेळाडूंसाठी बारमाही निषिद्ध आहेत. उत्तेजक तपासणीत सापडला, तर गोळी आजोबांची होती, ही सबब चालत नाही. आणि डब्यातल्या गोळ्या अशा कमी झाल्या, की दुसरीकडे आजोबांचा डोस चुकतो, पाय सुजतात, रात्री आडवे झाल्यावर धाप लागते. एका पाकिटामुळे घरातली दोन माणसे संकटात.

म्हणून सूनबाईंना, किंवा आजोबांचे औषध जी व्यक्ती पाहते तिला, विनंती आहे. आज संध्याकाळी पाकिटातल्या गोळ्या मोजा. तारीख आणि संख्या कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. स्पर्धेचा काळ संपेपर्यंत डबा कुलपात ठेवला, तरी त्यात अविश्वास मानण्याचे कारण नाही. नातवाशी बोलायचे ते आजोबांनीच बोलावे, असे मला वाटते. आईने सांगितले तर ती धास्ती वाटते, प्रशिक्षकाने सांगितले तर तो नियम वाटतो. ज्याने स्वतः लंगोट कसला आहे, त्याचे म्हणणे मुलगा ऐकून घेतो. त्याला रागावू नये. ‘ही गोळी मला का दिली आहे, ठाऊक आहे का?’ एवढ्यापासून सुरुवात करावी.

आजींकडे तर याहून मोठे कसब आहे. ज्या घरात वृद्ध माणसाची सेवा होते, त्या घरातल्या बायकांना शरीरातले पाणी घटल्याची चिन्हे पुस्तकाविना ठाऊक असतात. जीभ कोरडी, ओठ सोललेले, लघवी थोडी आणि गडद, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी, उगाच चिडचिड. आपण ही चिन्हे आजोबांच्या चेहऱ्यावर रोज शोधतो. नातवाच्या दंडाकडे पाहून मात्र तो धडधाकटच असेल, असे गृहीत धरतो. त्याच नजरेने त्याच्याकडेही पाहावे. आठ-आठ तास लघवी झाली नाही, तिचा रंग कोकमासारखा किंवा काळपट झाला, बोलणे असंबद्ध होऊ लागले, किंवा अंग तापलेले असून घाम थांबला, तर सामना गेला खड्ड्यात. ओल्या फडक्याने अंग पुसत, पंख्याखाली ठेवून, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पूर्ण शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

पण तिथवर वेळ येऊच नये. सामन्याला आठ-दहा दिवस असतील, तर अजून मार्ग आहे. नातवाने प्रशिक्षकांना सरळ सांगावे, की माझे वजन एवढे आहे, मी 57 मध्ये सुरक्षितपणे बसत नाही. बहुतेक प्रशिक्षक ऐकतात. ज्याला संघाची काळजी असते, त्याला मुलाचीही असतेच. 61 ची जागा भरलेली असेल, तर यंदा बाकावर बसावे लागेल. हे वाईट वाटेल आणि ते वाईट वाटणे खरे आहे. वजन थोडेसेच अधिक असेल, तर तळलेले, फरसाण आणि बाटलीतली गोड पेये बंद करून, भाकरी, भात, डाळ, मासळी, अंडी, ताक आणि भाज्या योग्य मापात ठेवून ते सावकाश उतरते. पाणी तोडायचे नाही. वजन घेऊन झाल्यावर लढतीपर्यंतच्या वेळेत घोटघोट जलसंजीवनी, मीठ घातलेली तांदळाची पेज आणि केळे पुरे होते. जलसंजीवनीचे पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. हे पेय नातवासाठी आहे हो. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या आजोबांनी सोबत म्हणून पेला भरून घेऊ नये.

आता आजोबांच्या जाण्याकडे वळू. बोईसर ते पालघर हे अंतर थोडेच. मध्ये एक उमरोळी स्थानक. तरीही वृद्ध माणसाच्या मनात त्या प्रवासाची पहिली चिंता कोणती असते, ते आपल्याला ठाऊक आहे. लोकल गाडीत शौचालय नाही; सभागृहातले कुठे असेल, किती पायऱ्या असतील, कोण जाणे. म्हणून आजोबा काय करतात? सकाळची पाण्याची गोळी घेत नाहीत आणि चहानंतर दुपारपर्यंत पाण्याला शिवत नाहीत. म्हणजे पाहा, एकाच घरात नातू वजनकाट्यासाठी पाणी टाळतो आहे आणि आजोबा प्रवासासाठी! दोघेही एकमेकांना हे सांगत नाहीत.

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे आजोबांना आपण कोरडे पडलो आहोत, हे उशिरा कळते. कळते तेव्हा तोल जाऊन ते पडलेले असतात. गोळी आपल्या मनाने चुकवू नका. आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारा, की त्या दिवशी ती परतल्यानंतर दुपारी घेतली तर चालेल का. वेळ बदलता येते का, हे तेच सांगू शकतील. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे दिवसाला किती पाणी प्यायचे याचे माप ठरवून दिले असेल, तर तेच माप दिवसभरात वाटून प्यावे. शौचालय कुठे आहे, ते नातवाच्या एखाद्या मित्राकडून आधीच विचारून ठेवावे. यात लाजण्यासारखे काहीही नाही.

हृदयाचे काय? 2006 साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिक परिसरातील संशोधकांनी पाहिले, की जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना इतर दिवसांच्या 2.66 पट झाल्या होत्या, आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना धोका अधिक होता. आपल्या माणसाचा सामना पाहणे हे शरीराला श्रमाचे काम आहे, हे यावरून कळते. तेव्हा छातीत दुखणे, धाप लागणे अलीकडे वाढले असेल, तर या खेपेस घरीच थांबावे आणि नातवाच्या मित्राला फोनवर चित्रण पाठवायला सांगावे. प्रकृती स्थिर असेल आणि डॉक्टर संमती देत असतील, तर जरूर जावे. बरोबर कोणीतरी असावे, जिभेखालची गोळी दिलेली असेल तर ती खिशात असावी, खुर्ची पाठ असलेली आणि दाराजवळची धरावी. सलग दोन-अडीच तास बसून राहू नये. मधल्या लढतींना उठून चार पावले टाकावीत.

आणि काय पाहावे? लाल मातीवर वाढलेल्या डोळ्याला मॅट प्रथम परकी वाटते. खाशाबा जाधवांनासुद्धा ती वाटली होती. 1948 साली लंडनला त्यांना मॅटची आणि तिथल्या नियमांची सवय नव्हती, तरी ते सहावे आले. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण टाकून या विद्यार्थ्याला 1952 मध्ये हेलसिंकीला धाडले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. त्यांचा गटही 57 किलोचाच होता.

लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाऊल गेले, की प्रतिस्पर्ध्याला एक गुण. पट काढून खाली आणून ताबा घेतला, तर दोन. पाठ मॅटकडे वळवली, तर दोन. उचलून थेट पाठीवर टाकले तर चार आणि फार मोठी फेक असेल तर पाच. दोन्ही खांदे टेकवले की चितपट, ते मात्र मातीवरच्यासारखेच. दहा गुणांची आघाडी झाली, तर लढत तिथेच थांबते. आजोबा ढाक आणि कलाजंग शोधत बसतील. तसे डाव क्वचितच दिसतील. त्यांनी पायांकडे पाहावे. मॅटवर बहुतेक कुस्ती पटाची आहे, आणि पट कोण काढणार हे हातांपेक्षा पावलांच्या ठेवणीतून आधी समजते.

संघ-कुस्तीत आणखी एक गोष्ट आहे, ती जत्रेत नव्हती. जत्रेत हरला तो हरला. इथे कसा हरला, यालाही मोल असते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत चितपट करणाऱ्याला पाच वर्गीकरण गुण मिळतात, दहा गुणांच्या फरकाने जिंकणाऱ्याला चार आणि साध्या गुणांवर जिंकणाऱ्याला तीन. शिवाय तीनाच्या पराभवात हरलेल्याने निदान एक गुण मिळवला असेल, तर त्यालाही एक मिळतो. संयोजक कोणती पद्धत लावणार, ते आरंभीच विचारून घ्यावे. पण तत्त्व असे, की समोरचा भारी आहे हे कळल्यावरही जो मुलगा खांदा टेकू देत नाही, पोटावर पडून, हातपाय पसरून सहा मिनिटे निभावून नेतो, तो संघाचे दोन गुण वाचवत असतो. प्रेक्षक त्याच्यासाठी टाळ्या वाजवीत नाहीत. आजोबांनी वाजवाव्यात. शेवटच्या लढतीपर्यंत निकाल लांबला, तर त्याच दोन गुणांवर तो लागलेला असेल.

शेवटच्या दीड मिनिटाकडेही लक्ष असू द्यावे. ज्याने पाणी तोडून वजन उतरवले आहे, तो पहिल्या फेरीत बरोबरीने खेळतो आणि दुसऱ्या फेरीत त्याचे पाय जड होतात. गुडघ्यांवर हात टेकतो, वर्तुळाच्या कडेला सरकत राहतो. आजींनी घरी ओळखलेली चिन्हे तिथे साऱ्या सभागृहाला दिसतात.

निघताना पिशवीत दोन पाण्याच्या बाटल्या ठेवा, एक आजोबांची आणि एक नातवाची, दोहोंवर नावे लिहून. टॉवेलही वेगळे. मॅटवरून गजकर्ण आणि गळवे सहज पसरतात. वजन घेताना त्वचा आणि नखे तपासतात ती त्याचसाठी. आजोबांना मधुमेह असेल, तर त्यांच्या पातळ कातडीला अशी लागण लवकर होते आणि बरी व्हायला महिना लागतो. जिंकून आलेला नातू घामाघूम अवस्थेत मिठी मारायला धावेल, तेव्हा त्याला आधी साबणाने आंघोळ करून ये, असे सांगणे कोणत्या आजोबांना जमेल, मला ठाऊक नाही. निदान घरी आल्यावर सदरा बदलून हातपाय धुवावेत, आणि नातवाचा कुस्तीचा पोशाख त्याच रात्री गरम पाण्यात टाकावा.